टोनरची रोजनिशी

अंधेरीला आमच्या शाळेवरून विमान उतरू लागले की वर्गात क्षणभर शिकवणे थांबवावे लागते. अशा वेळी मला हटकून एक रोजनिशी आठवते.

४ एप्रिल १९४३च्या रात्री ‘लेडी बी गुड’ हे अमेरिकी बाँबफेकी विमान नेपल्सच्या मोहिमेवरून लिबियातील तळाकडे परतत होते. आतल्या नऊजणांची ती पहिलीच मोहीम. तळावरून सोडलेले प्रकाशबाण त्यांना दिसले नाहीत. आपण अजून समुद्रावरच आहोत अशा समजुतीने ते तळ ओलांडून वाळवंटात शिरले आणि इंधन संपत आल्यावर त्यांनी हवाई छत्र्यांनिशी उड्या टाकल्या. एकाची छत्री उघडली नाही. उरलेले आठजण उत्तरेकडे चालू लागले. १९६०मध्ये त्यांचे देह सापडू लागले, तेव्हा सहवैमानिक रॉबर्ट टोनरजवळ ही रोजनिशी मिळाली.

आठ दिवसांच्या नोंदी. रोजच्या दोन-चार ओळी. झाकणभर पाणी, अधू झालेले डोळे, थंडीने न लागणारी झोप, प्रार्थना. घराच्या आठवणी नाहीत, देशाचे नाव नाही. सर्वांना मरण हवेसे झाल्याची नोंद आहे, पण तीही पाण्याच्या हिशेबाच्याच सुरात. आणि तिच्या शेजारीच दोन पक्षी दिसल्याची. आपल्यापैकी कोणता कादंबरीकार त्या पक्ष्यांना असे सहज सोडून देईल?

या घटनेवरून सुचलेली रॉड सर्लिंगची दूरदर्शन-नाटिका १९६०मध्ये आली, ‘सोल सर्व्हायव्हर’ हा चित्रपट १९७०मध्ये. दोन्हींत मागे उरलेला एक मनुष्य आणि त्याला पोखरणारी अपराधाची जाणीव. रचना बांधीव आहे, नाही असे नाही. पण लेखकाला अपराधी लागतो. त्यावाचून मरणाला आकार कसा द्यावा हे त्याला कळत नाही. प्रत्यक्षात होता तो काळोख, आणि एक चुकलेला अंदाज.

रिकामे विमान पुढे जाऊन दक्षिणेला कोसळले होते. १९५९मध्ये तेथे पोहोचलेल्यांना त्यात पाणी मिळाले, चालू स्थितीतला रेडिओही मिळाला. टोनर त्याकडे पाठ करून चालला होता. त्याला हे ठाऊक नव्हते, वाचकाला असते. हा विरोध कोणी योजलेला नाही. म्हणून मदत अजून आली नाही, एवढी साधी नोंदही पुढे वाचवत नाही.

माझ्या एका कादंबरीत मरणारा शिपाई सलग दोन पाने बोलतो. वाचकांनी त्या पानांची स्तुती केली होती. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी ती काढून टाकली, आणि तेथे काय लिहावे ते मला अजून सुचलेले नाही.