शंका आणि डाउट

‘डाउट’ म्हणजे शंका, असं आपण शब्दार्थात पाठ करतो. अर्थ बरोबरच आहे. पण मराठीत न समजलेलं विचारणं हीसुद्धा शंकाच. म्हणून आपण वर्गात ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो, आणि इंग्रज शिक्षकाला वाटतं, यांना आपलं म्हणणं पटलेलं नाही! तिथं ‘क्वेश्चन’ हवा.

१९८७च्या कोबिल्ड कोशात जॉन सिंक्लेअर यांनी व्याख्या पूर्ण वाक्यांत दिल्या, उदाहरणं प्रत्यक्ष वापरातून घेतली. हे काम मोठंच. तरी सुट्या वाक्यात प्रसंग दिसत नाही. विटगेनस्टाइन म्हणतो तसा अर्थ वापरात असेल, तर आपण प्रत्येक उदाहरणाला विचारलं पाहिजे: हे कोण, कुणाला, कशासाठी म्हणतंय? नाहीतर वाक्यंही आपण शब्दार्थांसारखीच घोकत बसू.