मौनातील फाळणी : दोन आयरिश साहित्यकृतींचे वाचन

फाळणीचे साहित्य म्हटले की भारतीय वाचकासमोर १९४७ साल उभे राहते. निर्वासितांचे तांडे, प्रेतांनी भरलेल्या आगगाड्या, एका रात्रीत परके झालेले गाव ही त्या साहित्याची परिचित चिन्हे होत. मंटो, भीष्म साहनी यांच्या लेखनातून ती आपल्या वाचनसंस्कारात रुजली आहेत. हीच अपेक्षा घेऊन आयर्लंडच्या फाळणीकडे वळणारा वाचक मात्र गोंधळतो. तेथील फाळणीही स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातच झाली. परंतु सीमा आखली जाण्याचा प्रसंग थेट चित्रित करणाऱ्या प्रमुख साहित्यकृती मोजक्याच आढळतात. हा अभाव मानावा की मौन, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मूळ इतिहासात आहे. स्वातंत्र्ययुद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९२० मध्ये, ब्रिटिश संसदेच्या कायद्याने बत्तीस काउंट्यांपैकी ईशान्येकडील सहा वेगळ्या काढल्या. २२ जून १९२१ रोजी पंचम जॉर्जने बेलफास्टमध्ये उत्तरेच्या संसदेचे उद्घाटन केले. शस्त्रसंधी झाली ती ११ जुलैला. सीमा आधी आली, वाटाघाटी नंतर. ६ डिसेंबर १९२१ च्या तहात सीमा आयोगाची तरतूद असल्यामुळे हा प्रश्न पुढे ढकलणे सोयीचे झाले. डब्लिनच्या प्रतिनिधिसभेने ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह स्वीकारला. मात्र तेथील चर्चेचा मुख्य रोख अल्स्टरवर नसून राजनिष्ठेच्या शपथेवर होता. पुढे यादवी युद्ध पेटले. १९२५ साली आयोगाचा अहवाल दडपला गेला आणि सीमा होती तशीच कायम झाली. साहित्याचे लक्षही प्रथम यादवीकडे गेले. शॉन ओ'केसी यांच्या 'जूनो अँड द पेकॉक' (१९२४) या नाटकाच्या केंद्रस्थानी आहे ते डब्लिनच्या चाळीतील, यादवीच्या सावटाखाली मोडून पडणारे कुटुंब.

फाळणीचा जाणता आविष्कार झाला तो बऱ्याच उशिरा आणि डेरी या सीमेलगतच्या शहराच्या परिसरातून. डेरी कॅथलिक बहुसंख्येचे असूनही उत्तरेत राहिले. शेजारचा डोनेगल अल्स्टर प्रांतातला असूनही दक्षिणेत गेला. ब्रायन फ्रील यांच्या 'ट्रान्सलेशन्स' या नाटकाचा पहिला प्रयोग १९८० साली डेरीच्या गिल्डहॉलमध्ये झाला. नाटकाचा काळ १८३३ चा, स्थळ डोनेगलमधील एक गावठी शाळा. ब्रिटिश लष्कर बेटाची मोजणी करून आयरिश गावांना इंग्रजी नावे देत आहे. नाटकात सीमा नाही, तशी ती असूही शकत नाही. परंतु ज्या शहराच्या 'डेरी' की 'लंडनडेरी' या नावावरच वाद आहे, तेथील प्रेक्षकाला नकाशावरची रेघ म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. मोजणीवरचा तरुण अधिकारी योलंड नाहीसा होतो आणि त्याचे काय झाले हे नाटक अखेरपर्यंत सांगत नाही. कथानकाच्या मध्यभागी अशी पोकळी ठेवणे हे या नाटकाचे खरे बळ आहे.

शेमस डीन यांच्या 'रीडिंग इन द डार्क' (१९९६) या कादंबरीतही अशीच पोकळी आहे. १९२२ साली नाहीसा झालेला एडी हा निवेदकाच्या वडिलांचा भाऊ. तो खबऱ्या होता असे वडील मानतात. वस्तुतः तो निर्दोष होता आणि त्याला मारण्याचा हुकूम आईच्याच वडिलांनी दिला होता. आईला हे ठाऊक आहे. पुढे मुलालाही कळते. आई बोलू शकत नाही, मुलगा सांगू शकत नाही आणि वडील अंधारातच राहतात. राज्याची फाळणी येथे घराच्या आत उतरली आहे: एकाच चुलीभोवती बसलेली माणसे 'जाणणारी' आणि 'न जाणणारी' अशी विभागली गेली आहेत.

या दृष्टीने कादंबरीतील एक प्रसंग मूलगामी वाटतो. मुलगा सारे सत्य इंग्रजीत लिहितो, त्याचे आयरिशमध्ये भाषांतर करतो, इंग्रजी मजकूर नष्ट करतो आणि आयरिश मजकूर आईवडिलांना वाचून दाखवतो. वडिलांना ती भाषा कळत नाही. फ्रील यांच्या नाटकात जी भाषा जगण्याची होती, ती येथे लपवण्याची झाली आहे. भाषा गमावल्याचा शोक पुष्कळ लेखकांनी केला; गमावलेल्या भाषेचा असा उपयोग दाखवणे हे डीन यांचे वेगळेपण होय.

मात्र दोन्ही कृतींची मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. १९१२ साली स्वराज्याच्या विरोधात सुमारे पावणेपाच लाख स्त्रीपुरुषांनी अल्स्टरच्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या होत्या. ज्यांना सीमा जखम न वाटता संरक्षण वाटली, तो युनियनवादी प्रॉटेस्टंट समाज फ्रील यांच्या गावात नाहीच. डीन यांच्याकडे तो परिघावरच राहतो. 'ट्रान्सलेशन्स'मधील मोजणीच्या चित्रणावर इतिहासकारांनी आक्षेप घेतले आहेत. जुनी आयरिश नावे जपून नोंदवणारे जॉन ओ'डोनोव्हन यांच्यासारखे अभ्यासक त्याच मोजणीत काम करीत होते, हे ध्यानात घेता ते आक्षेप निराधार म्हणता येत नाहीत. नाटकाला इतिहासाची मोडतोड करण्याची मुभा असते. पण त्या मोडतोडीने दुःखाचा कर्ता केवळ बाहेरचा ठरत असेल, तर समीक्षेने ते सांगितले पाहिजे. डीन येथे अधिक कठोर आहेत. त्यांच्या कादंबरीत निर्दोषाला मारणारे हात आपल्याच माणसांचे आहेत.

म्हणूनच आयरिश साहित्यात फाळणी नाही, हे विधान टिकत नाही. ती प्रसंगरूपाने कमी आणि न बोललेल्या वाक्यांच्या रूपाने अधिक आहे. कादंबरीच्या अखेरीस, १९६८ मध्ये उत्तरेत संघर्ष पेटू लागतो त्याच सुमारास आईची वाचा जाते, हा योगायोग नव्हे. रस्त्यावर हिंसा बोलू लागते तेव्हा ती टाळू शकणारी साक्ष मुकी झालेली असते. आगगाड्या आणि तांडे शोधणाऱ्या आपल्या वाचनाने हे मौनही फाळणीचा पुरावा म्हणून स्वीकारले, तर १९४७ च्या साहित्यातही, जे घरात कधी बोलले गेले नाही त्याकडे, आपण नव्याने पाहू शकू.