बंदिवासाची संहिता आणि स्वातंत्र्याची भाषा

मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सीमेवरील लँकेस्टर या गावावर फेब्रुवारी १६७६मध्ये नॅरॅगन्सेट, निपमक व वॅम्पनोआग योद्ध्यांनी हल्ला केला. गावच्या धर्मोपदेशकाची पत्नी मेरी रोलंडसन आणि तिची तीन मुले त्यांच्या हाती सापडली. जखमी झालेली सहा वर्षांची सारा काही दिवसांतच मरण पावली. अकरा आठवड्यांनंतर, मे महिन्याच्या आरंभी, वीस पौंडांच्या खंडणीवर रोलंडसनची सुटका झाली. तिने लिहिलेला वृत्तान्त १६८२मध्ये प्रसिद्ध झाला आणि 'बंदिवासकथा' या अमेरिकी वाङ्मयप्रकाराचा तो आदर्श ठरला. या संहितेचे वाचन आजवर प्रामुख्याने दोन प्रकारे झाले आहे. एका वाचनाला तीत एकाकी, धीरोदात्त अमेरिकी 'स्व'चा उगम दिसतो. दुसऱ्याला केवळ वसाहतवादी प्रचार दिसतो. ही दोन्ही वाचने संहितेच्या चौकटीपाशीच थांबतात, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

प्रथम चौकटीचा विचार करू. १६२०मध्ये प्लिमथ येथे उतरलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांशी वॅम्पनोआग प्रमुख मॅससॉइट याने १६२१मध्ये तह केला होता. पुढील अर्धशतकात वसाहती पसरत गेल्या, मूलनिवासींची जमीन आक्रसत गेली आणि त्यांच्यावर इंग्रजी न्यायालयांचा अधिकार लादला गेला. त्यातून मॅससॉइटचा पुत्र मेटाकॉम, इंग्रजांच्या लेखी 'किंग फिलिप', याच्या नावाने ओळखले जाणारे युद्ध जून १६७५मध्ये भडकले. रोलंडसनच्या निवेदनाला या कारणपरंपरेची दखल घेण्याचे कारण वाटत नाही. तिच्या लेखी बंदिवास ही ईश्वराने आपल्या निवडलेल्या जनांना केलेली शिक्षा आहे आणि सुटका ही त्याची कृपा. प्रत्येक प्रसंगाला बायबलमधील वचनाचा आधार मिळतो. शत्रू हे केवळ ईश्वराच्या हातातील साधन ठरते. साधनाला हेतू नसतो, म्हणून त्याला इतिहासही नसतो.

परंतु वृत्तान्ताची रचना प्रवासाची आहे. वीस मजलांमध्ये तो विभागलेला आहे, आणि प्रत्येक मजलेबरोबर ईश्वरी योजनेत न बसणारा तपशील निवेदनात शिरतो. रोलंडसन मेटाकॉमच्या मुलासाठी सदरा शिवते आणि मेटाकॉम तिला त्याचा एक शिलिंग देतो. तिच्या विणकामाला व शिवणकामाला छावणीत मागणी आहे, मोबदल्यात अन्न मिळते. आरंभी जे अन्न तिला किळसवाणे वाटते ते पुढे रुचकर लागू लागते. अस्वलाच्या मांसाची चव ती आवर्जून नोंदवते. आणि एका प्रसंगी, एका बंदी इंग्रज मुलाला चावता न येणारा घोड्याच्या खुराचा तुकडा ती त्याच्याकडून घेऊन स्वतः खाते. रानटी व सुसंस्कृत यांच्यातील जी सीमारेषा साऱ्या निवेदनाचा आधार आहे, तीच येथे पुसट होते. निवेदिकेला याची जाणीव आहे की नाही, हा प्रश्न गौण आहे. भूक निवेदनात आली आहे आणि तिच्यापुढे धर्मवचनांची शिस्त टिकत नाही, एवढे पुरेसे आहे.

याहून अवघड प्रसंग वीटामू हिच्याशी संबंधित आहे. रोलंडसन जिच्या घरात दासी म्हणून राहिली ती वीटामू निवेदनात नटण्यामुरडण्यात वेळ घालवणारी, गर्विष्ठ मालकीण म्हणून येते. वस्तुतः ती पोकॅसेट समूहाची प्रमुख होती. स्वतःच्या अधिकाराने योद्ध्यांचे नेतृत्व करणारी आणि जमिनीच्या व्यवहारांत इंग्रजांशी झगडलेली स्त्री होती. लिसा ब्रुक्स यांनी २०१८मधील आपल्या ग्रंथात या युद्धाचा इतिहास तिच्या बाजूने पुन्हा मांडला आहे. बंदिवासाच्या काळातच वीटामूचे तान्हे मूल दगावले. ज्या निवेदिकेने साराच्या मृत्यूचे वर्णन इतक्या विद्ध स्वरात केले, ती या मृत्यूबाबत एकच लाभ नोंदवते: झोपडीत जागा वाढली. दोन मातांची दोन मुले एकाच युद्धात गेली, पण शोकाचा अधिकार एकीलाच मिळाला. संहितेची विचारप्रणाली कोणत्याही धर्मवचनापेक्षा या एका वाक्यात अधिक उघडी पडते. ऑगस्ट १६७६मध्ये वीटामू नदीत बुडून मेली. तिचे शिर टॉन्टन येथे खांबावर लावण्यात आले. त्याच महिन्यात मेटाकॉमही मारला गेला. त्याच्या अल्पवयीन मुलाला गुलाम म्हणून विकण्यात आले.

संहितेच्या निर्मितीतही एक विरोधाभास दडलेला आहे. १६८२मधील केंब्रिज आवृत्तीचे खिळे जुळवणारा जेम्स प्रिंटर हा निपमक होता. जॉन एलियटच्या मॅसॅच्युसेट भाषेतील बायबलच्या छपाईतही त्याचा हात होता. युद्धकाळात तो मूलनिवासींच्या छावणीत होता आणि १६७६मध्ये माफी मिळाल्यावर छापखान्यात परतला. आपल्याच लोकांना सैतानाचे हस्तक ठरवणारी अक्षरे त्याने एकेक करून जुळवली. या मौनाचे काय करायचे, हे समीक्षेने अद्याप ठरवलेले नाही.

यापुढील टप्पा आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. १७२०नंतर पन्नास वर्षे विस्मरणात गेलेला हा वृत्तान्त बॉस्टनमध्ये १७७० ते १७७३ या काळात पुन्हा पुन्हा छापला गेला. ग्रेग सीमिन्स्की यांनी १९९०मध्ये या पुनर्मुद्रणांचा राजकीय अर्थ उलगडून दाखवला. १७६८पासून बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैन्य होते. शहर स्वतःला बंदिवान समजू लागले होते आणि त्याला बंदिवासाची भाषा हवी होती. बंदी करणारा बदलला, भाषा तीच राहिली. १७७३च्या आवृत्तीवरील काष्ठचित्रात एक स्त्री हल्लेखोरांवर बंदूक रोखून उभी आहे. रोलंडसनच्या निवेदनात ती कोठेही बंदूक हाती घेत नाही. ईश्वरेच्छेपुढे नतमस्तक होणारी बंदिनी मुखपृष्ठावर प्रतिकाराची प्रतिमा झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्याच शहरात, मोहॉकांचा वेश केलेल्या वसाहतकऱ्यांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. एकीकडे मूलनिवासीला शत्रू ठरवणारी कथा आणि दुसरीकडे त्याचाच पोशाख, अशी स्वातंत्र्याकांक्षेची दुहेरी वेशभूषा होती. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील तक्रारींच्या यादीत अखेरची तक्रार मूलनिवासींना रानटी ठरवणारी आहे. तेथे ही दोन्ही सूत्रे एकत्र येतात.

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. वसाहतवादी संहितेतील फटी शोधणे हे समीक्षकाचे आत्मसमाधान तर नव्हे? वीटामूचा आवाज रोलंडसनच्या पानांत नाहीच. आपण ऐकतो ती आपलीच प्रतिध्वनी असेल. हा धोका खरा आहे. विसंगतीचे वाचन म्हणजे न्याय नव्हे. फटींमधून आपल्याला दिसते ते एवढेच, की बोलणाऱ्याला कोणाविषयी गप्प राहावे लागले.

ज्यांच्याविषयी असे मौन पाळले गेले त्यांच्यापैकी एकाने पुढे स्वतःच उत्तर दिले. पीक्वॉट वंशाचा धर्मोपदेशक विल्यम एपेस याने जानेवारी १८३६मध्ये बॉस्टन येथे मेटाकॉमचे जाहीर गुणवर्णन केले आणि त्याला वॉशिंग्टनच्या तोडीचा वीर ठरवले. एपेसने वसाहतकऱ्यांची स्वातंत्र्याची भाषा नाकारली नाही. तो तिचा हिशेब मागत होता. स्वदेशासाठी लढणारा वीर असेल, तर आधी लढलेला वीर का नव्हे? हा प्रश्न रोलंडसनच्या संहितेशेजारी ठेवून वाचला, की अमेरिकी वाङ्मयाच्या आरंभाविषयीची आपली मांडणी बदलावी लागते. तो आरंभ एका बंदिनीच्या सुटकेत शोधण्याची प्रथा आहे. तो दोन मुलांच्या मृत्यूंत शोधायला हवा, आणि त्यांपैकी एकीचे नाव आपल्याला माहीत आहे, दुसऱ्याचे नाही, हेही त्यात धरायला हवे.