होल्बाइन, हान्स (धाकटा) : व्यक्तिचित्रणाची निर्मितिप्रक्रिया

(१४९७/९८–१५४३). प्रबोधनकालीन जर्मन चित्रकार व यूरोपीय व्यक्तिचित्रण-परंपरेतील एक अग्रगण्य कलावंत. जन्म आउग्सबुर्ग येथे. वडील थोरले हान्स होल्बाइन व बंधू आम्ब्रोझिउस हेही चित्रकारच होते. १५१५ च्या सुमारास तो बाझेल येथे आला. पुढे १५२६–२८ या काळात आणि १५३२ पासून मृत्यूपर्यंत त्याचे वास्तव्य मुख्यत्वे इंग्लंडमध्ये होते. १५३६ पर्यंत तो आठव्या हेन्रीचा राजचित्रकार झालेला दिसतो. त्याची तैलचित्रे त्यांच्या नितळ, जवळजवळ निर्विकार परिपूर्णतेबद्दल प्रसिद्ध आहेत. तथापि त्याच्या व्यक्तिचित्रणातील निर्मितीचा खरा क्षण तैलरंगाच्या कामात नसून त्याआधीच्या, बहुधा एकाच व अल्पकालीन बैठकीत केलेल्या रेखांकनात आहे. चित्रविषय झालेली व्यक्ती त्याच्यासमोर फार थोडा वेळ बसे. पुढचे बरेचसे काम तिच्या अनुपस्थितीत होई.

या पद्धतीचे मूळ त्याच्या घरातच सापडते. थोरला होल्बाइन चांदीच्या टोकदार लेखणीने लहान आकाराची मुखरेखाटने करून ठेवी आणि मोठ्या धार्मिक चित्रांतील व्यक्तींसाठी त्यांचा उपयोग करी. मुलाने हीच सवय उचलली. बाझेलचा नगराध्यक्ष याकोप मायर व त्याची पत्नी यांच्या १५१६ मधील जोडचित्रासाठी केलेली रेखांकने बाझेलच्या कलासंग्रहालयात आहेत. त्यांवर रंगांविषयीची टिपणे शब्दांत लिहिलेली आढळतात. अठरा-एकोणीस वर्षांचा हा तरुण रंग डोळ्यांपुढे असताना तो लावत नाही, लिहून ठेवतो. त्याची पुढील सारी कार्यपद्धती या एका कृतीत बीजरूपाने दिसते. १५२४ मध्ये तो फ्रान्सला गेला आणि त्यानंतर रंगीत खडूंचे माध्यम त्याच्या हाती रुळले. तिथल्या दरबारी चित्रकारांच्या खडूकामाचा हा परिणाम असावा, असे अभ्यासक मानतात.

इरॅस्मसच्या शिफारशीवरून होल्बाइन १५२६ मध्ये लंडनला सर टॉमस मोर याच्याकडे गेला. मोरच्या घरी त्याने योजलेले मोठे कुटुंबचित्र नष्ट झाले आहे. परंतु त्याचे लहान रेखाटन बाझेलमध्ये असून कुटुंबातील अनेकांची स्वतंत्र मुखरेखांकने विंडसर येथील राजसंग्रहात आहेत. बाझेलच्या रेखाटनावर प्रत्येकाचे नाव व वय लिहिलेले आहे. शिवाय मोरची पत्नी गुडघे टेकून दाखविली आहे तिथे ती बसलेली असावी, अशी जर्मन भाषेतील सूचनाही आहे. चित्राची मांडणी घरच्या मंडळींशी बोलून ठरत होती, असे यावरून दिसते. मुखरेखांकने मात्र तडजोडीला वाव देत नाहीत. मोरच्या एका रेखांकनावर रेषांच्या कडेने बारीक छिद्रे टोचलेली आहेत. त्यांतून पूड झटकून चेहऱ्याची बाह्यरेषा फळीवर उतरविली जाई. १५२७ मधील मोरचे तैलचित्र न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. त्यातील मखमली बाह्यांची चमक सर्वांच्या नजरेत भरते. पण डोळ्यांखालचा थकवा आणि न केलेल्या दाढीचे खुंट पाहिले, म्हणजे बैठकीत टिपलेले काहीही चित्रकाराने मागाहून गाळले नाही, हे लक्षात येते.

दुसऱ्या इंग्लंड-वास्तव्यात त्याने या पद्धतीत एक साधा पण दूरगामी बदल केला. पूर्वी तो कोऱ्या कागदावर खडूंनी काम करी; आता कागदाला आधीच फिकट गुलाबी रंगाचा हात दिलेला असे. त्वचेचा मूळ रंग अशा रीतीने आयताच मिळाल्यामुळे चेहऱ्याला उठाव देण्यासाठी थोडा खडू पुरे आणि उरलेला वेळ रेषेला देता येई. दरबारातील घाईच्या माणसांसाठी हे सोयीचे होतेच. पण त्याचा कलात्मक परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. छायाप्रकाश जवळजवळ नाहीसा झाला आणि पापणीची कड, ओठांची मधली रेषा, पलीकडच्या गालाची बाह्यरेषा यांवरच सारा भार आला. या जागी तो कित्येकदा शाईने रेषा पक्की करतो. टोपी, केस व वस्त्रे चार-दोन फटकाऱ्यांत आटोपलेली असतात. विल्यम पार याच्या रेखांकनावर मखमल, साटीन आणि त्यांचे रंग यांची जर्मन शब्दांत नोंद आहे. कापड पुढे सावकाश पाहता येते, चेहरा पुन्हा पाहायला मिळेलच असे नाही, हा हिशेब त्यामागे स्पष्ट आहे.

रेखांकनातील व तैलचित्रातील चेहरे पुष्कळदा मापानेही जुळतात. मात्र ही नुसती नक्कल नव्हे. १५३७ मध्ये त्याने व्हाइटहॉल राजवाड्यात ट्यूडर घराण्याचे भव्य भित्तिचित्र रंगविले. १६९८ च्या आगीत ते नष्ट झाले. पण त्याच्या डाव्या भागाचे मूळ आकाराचे पूर्वरेखन लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यात हेन्रीचा चेहरा किंचित वळलेला आहे. भित्तिचित्राची १६६७ मध्ये केलेली प्रतिकृती पाहता अंतिम चित्रात तो थेट प्रेक्षकाकडे रोखलेला होता, असे दिसते. वळलेल्या चेहऱ्यातला माणूस बाजूस सरला आणि समोरून दिसणारी सत्ता भिंतीवर आली.

होल्बाइनच्या प्रेरणास्थानांचा विचार करताना इरॅस्मसच्या विद्वन्मंडळाचा उल्लेख प्रथम करावा लागतो. दूरच्या स्नेह्याला आपले चित्र पाठविणे हा त्या मंडळींत पत्रव्यवहाराचाच एक प्रकार होता. १५२३ मध्ये त्याने रंगविलेला, लिहिण्यात गढलेला इरॅस्मस हा त्याचा उत्तम नमुना. लंडनमधील जर्मन व्यापाऱ्यांनी त्याला दुसरा विषय दिला, तो म्हणजे माणसाभोवतीच्या वस्तू. गेओर्ग गिझे (१५३२, बर्लिन) याच्या चित्रातील पत्रे, मोहरा, तराजू व काचपात्रातील फुले त्याच्या व्यवसायाइतकीच त्याच्या एकटेपणाचीही साक्ष देतात. दोन राजदूत (१५३३, नॅशनल गॅलरी, लंडन) या चित्रातील तिरपी ताणलेली कवटी फार चर्चिली गेली आहे. किंबहुना तिच्यामुळे त्या दोघा फ्रेंचांच्या चेहऱ्यांकडे दुर्लक्षच होते. होल्बाइन दागिन्यांचे व सोनारकामाचे आराखडेही करी. लहानशा जागेत काटेकोर रेषा बसविण्याची ती शिस्त त्याच्या लघुचित्रांत उतरली आहे.

त्याच्या पद्धतीची खरी कसोटी मात्र हेन्रीच्या विवाहांनी घेतली. तिसरी राणी जेन सीमोर १५३७ मध्ये वारल्यावर राजाने यूरोपभर वधूसंशोधन चालविले आणि चित्र हे राजनीतीचे साधन बनले. १२ मार्च १५३८ रोजी ब्रूसेल्स येथे डेन्मार्कची क्रिस्टीना त्याच्यासमोर अवघे तीन तास बसली. मिलानच्या ड्यूकची ही विधवा तेव्हा सोळा वर्षांची होती. त्या तीन तासांच्या पुंजीवर त्याने तिचे पूर्णाकृती चित्र उभे केले (नॅशनल गॅलरी, लंडन). सुतकाच्या काळ्या पोशाखातून फक्त चेहरा व हात उजळून निघतात. हात तर चेहऱ्याइतकेच बोलके आहेत. विवाह जुळला नाही, चित्र राजाने ठेवून घेतले.

पुढील वर्षी ड्यूरेन येथे त्याने ॲन ऑफ क्लीव्ह्ज हिचे चित्र केले (लूव्ह्र, पॅरिस). ते चर्मपत्रावर असून मागाहून कापडावर चढविलेले आहे. जानेवारी १५४० मध्ये झालेला विवाह त्याच वर्षी जुलैत रद्द ठरला आणि चित्रकाराने राजाला फसविले, अशी आख्यायिका रूढ झाली. तिला पुरावा नाही. तिथे असलेल्या इंग्लिश वकिलाने चित्र हुबेहूब असल्याचे कळविले होते. विवाह जुळविणाऱ्या टॉमस क्रॉमवेलचा शिरच्छेद झाला. होल्बाइनला शिक्षा झाल्याचे दिसत नाही. चित्रातील उणीव निराळीच आहे. येथे चेहरा अगदी समोरून दाखविल्यामुळे पलीकडच्या गालाची ती बोलकी रेषा त्याच्या हातून निसटली आहे. क्रिस्टीनाही जवळजवळ समोरून दिसते. पण तिथे काळ्या वस्त्राची अखंड कड सबंध देहाला एका रेषेत बांधते. ॲनच्या चित्रात जरीकाम व रत्ने ही कड जागोजागी तोडतात आणि नजर चेहऱ्याऐवजी पोशाखावर रेंगाळते. चित्र खोटे नाही, मुके आहे.

या साऱ्या शिस्तीबाहेरचे एक चित्र बाझेलमध्ये आहे. इंग्लंडहून परतल्यावर १५२८–२९ च्या सुमारास त्याने पत्नी एल्सबेट व दोन मुले यांना कागदावर तैलरंगात रंगविले. पुढे कोणीतरी बाह्याकृतीवरून तो कागद कापून लाकडी फळीवर चिकटविला. येथे वस्तू नाहीत, लेख नाही, हुद्दा नाही. पत्नीचे डोळे लालसर असून पापण्या खाली झुकलेल्या आहेत आणि ज्या नवऱ्यासमोर ती बसली आहे, त्याच्याकडे ती पाहत नाही. १५३२ मध्ये तो पुन्हा लंडनला गेला. कुटुंब बाझेललाच राहिले.

१५४३ मध्ये लंडन येथे त्याचा मृत्यू झाला. विंडसर संग्रहात आज ऐंशीहून अधिक रेखांकने आहेत. त्यांवरील व्यक्तींची नावे मागाहून घातलेली असून काही चुकीची ठरली आहेत. काही चेहऱ्यांना तर नावच उरलेले नाही.