झीलकऱ्याची रिकामी जागा : ‘कंदिसा’चे पुनःश्रवण

भिलाईजवळील गनियारी येथे जन्मलेल्या आणि भिलाई पोलाद कारखान्याच्या सेवेत राहिलेल्या तीजनबाई यांची पंडवानी ऐकताना एक बाब प्रकर्षाने जाणवते. कथन एकटीचे असले, तरी गायन एकटीचे नसते. ‘रागी’ हा साथीदार हुंकार देतो, प्रश्न विचारतो, ओळ उचलून धरतो. मराठी शाहिरीत हेच कार्य झीलकरी करतात. गायकाचे म्हणणे समूहाने आपलेसे केले, याची खूण म्हणजे झील होय. या निकषावर ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या वाद्यवृंदाचा ‘कंदिसा’ (२०००) हा गाजलेला गीतसंग्रह पुन्हा तपासण्याजोगा आहे.

या संग्रहातील तीन रचना मुळात समूहाच्या मुखातील आहेत. ‘हिले ले’ हे गोरख पांडेय (१९४५–१९८९) यांचे भोजपुरी बंडगीत. ‘मा रेवा’ ही नर्मदाखोऱ्यातील लोकपरंपरेची नदीस्तुती. आणि ‘कंदिसा’ ही केरळच्या सीरियन ख्रिस्ती समाजाची प्राचीन प्रार्थना. वृंदातील राहुल राम यांनी नर्मदा बचाव आंदोलनात काम केले होते. ‘मा रेवा’ तेथूनच आली. मात्र संग्रहात पदे थोडी आणि वाद्यांचा विस्तार मोठा आहे. समूहाने जेथे झील धरावी, तेथे बहुधा सुस्मित सेन यांची गिटार आणि अशीम चक्रवर्ती यांचा तबला उत्तर देतात.

यावरून संग्रहाने आंदोलनाचे सौंदर्यवस्तूत रूपांतर केले, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतःच ग्राह्य आहे. ‘मा रेवा’च्या शब्दांत धरण नाही, विस्थापन नाही, केवळ स्तुती आहे. परंतु नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीच्या काठावर हीच स्तुती आपोआप प्रतिकार ठरते, कारण तेथे नदीची थोरवी गाणारा स्वतःच बुडिताच्या रेषेखाली उभा असतो. ज्या वर्षी संग्रह प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचे बांधकाम पुढे नेण्यास अनुमती दिली. शब्द तेच राहिले. ते उच्चारणाऱ्याची स्थिती बदलली की अर्थ बदलतो. संहिता आणि प्रयोग यांतील हा भेद तौलनिक अभ्यासाला अपरिचित नाही.

भिलाईचा अनुभव येथे उपयुक्त ठरतो. कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच नगरात हत्या झाली; १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्थानकाजवळ आंदोलक कामगारांवर गोळीबार होऊन अनेक जण मृत्युमुखी पडले. अशा लढ्यात गाण्याला साथ देणे हीदेखील जोखीम असते. झील धरणारा परिणामांचाही वाटेकरी होतो. घरात बसून ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या श्रोत्यावर ती जोखीम येत नाही.

म्हणून ‘कंदिसा’चे मोल त्याच्या बंडखोरीत शोधणे अपुरे आहे. त्याने झीलकऱ्याची जागा वाद्यांनी सजवली खरी, पण ती मानवी आवाजाने बुजवली नाही. ती जागा श्रोत्यासाठी मोकळी आहे. गोरख पांडेय आणि मणिबेली ही नावे ठाऊक असलेल्यालाच ती दिसते. इतरांना केवळ सुरेल विराम ऐकू येतो. ती नावे संहितेशेजारी पुन्हा ठेवणे हे समीक्षेचे काम आहे.