तुकारामांचे ‘बरे’

1630 च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला. एका अभंगात ते देवाला उद्देशून त्या दुष्काळाला आणि दिवाळ्यालाच ‘बरे’ म्हणतात. या उद्गारात निमूट समाधान वाचण्याचा प्रघात आहे. संहिता त्याला दुजोरा देत नाही. अपमान, गेलेले धन, गुरेढोरे ही प्रत्येक हानी तेथे वाण्याच्या खतावणीतल्यासारखी स्वतंत्र नोंदली जाते. ईश्वरी कृपेच्या सरसकट कल्पनेत त्यांपैकी एकही विरघळत नाही. खरी अडचण पत्नीची आहे, आणि भाविक भाष्यकार ती सहसा टाळतात. अन्यत्र तिच्या मृत्यूलाही मुक्ती म्हटले आहे. परंतु ज्या आत्मचरित्रपर अभंगात ती अन्न मागत मरते, तेथे कृतज्ञता नाही, लज्जा आहे.