स्लॉट कार मांडणीच्या संगणकप्रणालीतील ‘तुकड्याची व्याख्या’ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
ब्रिटनमध्ये १९५७ साली फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनिमॉडेल्स कंपनीने ‘स्केलेक्स्ट्रिक’ हा विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटारींच्या शर्यतीचा खेळ बाजारात आणला. मार्गातील खाचेत मोटारीची पट्टी अडकते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांतून तिला वीज मिळते. हा मार्ग सुट्या तुकड्यांचा असल्यामुळे त्याची मांडणी आधी संगणकावर करून पाहण्याच्या प्रणाली पुढे तयार झाल्या. अशा प्रणालीत प्रत्येक तुकड्याची लांबी, त्रिज्या, कोन व टोके यांची नोंद असते. या नोंदीलाच येथे ‘व्याख्या’ म्हटले आहे. वापरणाऱ्याला ती बदलता येते. या अधिकाराचे स्वरूप व त्यातून येणारी जबाबदारी यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बदलापूरसारख्या शहरातील घरात अशा मांडणीला फार तर १० बाय १० फुटांची खोली मिळते. संचही बहुधा परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाने आणलेला किंवा जुन्या बाजारात मिळालेला असतो. त्याचे तुकडे प्रणालीच्या तयार यादीत असतीलच असे नाही. तेव्हा व्याख्या स्वतः लिहिणे ही येथे हौस नसून गरज ठरते. व्याख्या चुकली तर प्लायवूड चुकीचा कापला जातो आणि कापलेला प्लायवूड पुन्हा सांधता येत नाही.

वर्तुळ जुळले म्हणजे व्याख्या बरोबर, हा भ्रम :
पडद्यावर मार्गाची दोन टोके जुळली की व्याख्या अचूक आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. स्केलेक्स्ट्रिकच्या प्रचलित मापांत सरळ तुकडा ३५० मि.मी. लांब व १५६ मि.मी. रुंद असतो. दुसऱ्या त्रिज्येच्या वळणाची मध्यरेषा ३७० मि.मी. त्रिज्येची असून ते ४५ अंशांचे असते. अशा ८ तुकड्यांचे पूर्ण वर्तुळ होते. समजा, कोणी कोन ४४.५ अंश असा नोंदवला, तर ८ तुकड्यांत ४ अंशांची तूट पडते आणि चूक लगेच दिसते. परंतु त्रिज्या ३७० ऐवजी ३६० नोंदवली, तर वर्तुळ तरीही निर्दोष जुळते. सरळ तुकडा ३४८ मि.मी. धरला आणि समोरासमोरच्या बाजूंना प्रत्येकी ४ तुकडे ठेवले, तरी लंबवर्तुळासारखा मार्ग पूर्ण होतो. दोन्ही बाजू सारख्याच चुकल्यामुळे चूक झाकली जाते. प्रत्यक्षात मात्र मार्ग ८ मि.मी. अधिक लांब भरतो.

म्हणजे टोकांचे जुळणे ही कोनाची परीक्षा आहे. लांबी व त्रिज्या यांची नाही. त्रिज्येची परीक्षा शेजारच्या वळणाशी होते. तिसऱ्या त्रिज्येची मध्यरेषा ५२६ मि.मी.वर आहे, दोहोंतील अंतर नेमके तुकड्याच्या रुंदीएवढे, म्हणजे १५६ मि.मी. आहे. चुकीचे ३६० मि.मी.चे वळण तिच्या आत ठेवले की १० मि.मी.ची फट उघडी पडते.

एक रेषा की दोन खाचा ? :
दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. रेल्वेच्या प्रतिकृतीत एका मार्गाला एक मध्यरेषा पुरते. स्लॉट कारच्या नेहमीच्या तुकड्यात दोन खाचा असतात आणि स्केलेक्स्ट्रिकमध्ये त्यांतील अंतर ७८ मि.मी. आहे. एका दिशेने पूर्ण फेरी मारणाऱ्या मार्गात बाहेरची खाच आतल्या खाचेपेक्षा सुमारे ४९० मि.मी. लांब भरते, मग वळणाची त्रिज्या कोणतीही असो. आठाच्या आकड्यासारख्या मार्गात डावी-उजवी वळणे समान असल्यामुळे हा फरक नाहीसा होतो. केवळ मध्यरेषा सांगणारी व्याख्या हे काहीच सांगू शकत नाही. शर्यत न्याय्य आहे की नाही, हा खेळातला खरा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो.

चढाची नोंद :
बदलापूरहून कर्जतकडे जाताना वांगणी व शेलूनंतर नेरळ लागते. तेथून १९०७ साली सुरू झालेली ६१० मि.मी. मापाची माथेरानची रेल्वे २० फुटांत १ फूट अशा चढाने वर जाते. हाच चढ खेळातल्या मार्गाला दिला, तर ३५० मि.मी.चा तुकडा आराखड्यात सुमारे ३४९.५६ मि.मी. भरतो. २० तुकड्यांत जवळजवळ ९ मि.मी.चा फरक पडतो. येथे तुकड्याचीच लांबी कमी करून जुळवाजुळव करण्याचा मोह होतो, तो टाळला पाहिजे. तुकडा बदललेला नाही, त्याची जागा बदलली आहे. चढ हा मांडणीचा गुण आहे, व्याख्येचा नव्हे.

दुरुस्तीची पद्धत :
रेल्वे-प्रतिकृतींसाठीची ‘एक्सट्रॅककॅड’ ही मुक्तस्रोत प्रणाली या संदर्भात उद्बोधक आहे. तिच्यातील व्याख्या साध्या मजकुराच्या स्वरूपात असतात. प्रत्येक टोकाचे स्थान व दिशा, तसेच सरळ व वक्र भाग वेगवेगळ्या ओळींत लिहिलेले असतात. जाणकार वाचक त्या वाचून तपासू शकतो, हा तिचा मोठा गुण होय. मात्र माप कारखान्याने दिलेले की कोणी स्वतः घेतलेले, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. मूळ नोंदीवरच दुरुस्ती केली, तर आधीचा आधार पुसला जातो.

समारोप :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.
१. सरळ तुकड्याचे माप एकट्या तुकड्यावरून न घेता १० तुकडे जोडून घ्यावे व १० ने भागावे. म्हणजे सांध्यातील सैलपणाही हिशेबात येतो.
२. वळणाचे पूर्ण वर्तुळ करून बाहेरचा व्यास दोन दिशांनी मोजावा. दुसऱ्या त्रिज्येसाठी तो ८९६ मि.मी. यावयास हवा.
३. व्याख्येत दोन्ही खाचांची स्वतंत्र नोंद असावी.
४. मूळ व्याख्या न पुसता नव्या नावाने दुसरी व्याख्या करावी आणि माप कसे घेतले ते नावातच लिहावे.

व्याख्या बदलण्याची मुभा ही या प्रणालींची खरी ताकद आहे. यादीत नसलेला संच बाळगणाऱ्यालाही तिच्यामुळे आपली मांडणी आखता येते. परंतु पडद्यावर जुळलेली रेषा हा पुरावा नव्हे. पुरावा जमिनीवर मांडलेल्या तुकड्यांत आणि मोजपट्टीतच शोधावा लागतो.